पट्टराणीचं दूध

३ तारीख, सोमवार

तुला एक आई आहे, हे आठवतंय का? नसेल तर सांगते. ठेंगणी, गोल, खालचे चार दात शिल्लक असलेली. तिच्या वाढदिवसाचं म्हणून तू तिच्या सुनेच्या फोनवर फोन केलास आणि विचारलंस, "वहिनी, काल होता का गं?" काल नव्हता. आठवडा होऊन गेला होता. दोन्ही पोरांच्या डब्यांची झाकणं अदलाबदल करून शाळेत पाठवणाऱ्या बाईकडून मी जास्त अपेक्षा ठेवलेली नाही. म्हणून ही वही. महिना संपला की तुझ्याकडे येईल. विसरलीस तरी पुन्हा वाचता येईल, एवढी सोय बोलण्यात नाही.

कारण असं की आपल्या पुढच्या ढाबळीत कबुतरांची पिल्लं मरताहेत. दोन आठवड्यांत नऊ गेली. पिल्लू आठ-दहा दिवसांचं होतं, पिवळ्या लवेतून पिसांचे काटे डोकवायला लागतात आणि एका सकाळी ते मान ताणून बसतं. चोच उघडी, गिळता येत नाही. आत बघावं तर घशात पिवळी गाठ, नासलेल्या दुधासारखी, आणि वास. दोन दिवसांत खेळ खलास. आईबाप मात्र ठणठणीत, घुमताहेत. पक्ष्यांचा डॉक्टर पंधरवड्यातून एकदा आपल्या बाजूला येतो. तो येईपर्यंत रोज काय होतं ते लिहून ठेवा म्हणाला.

लिहिणार कोण? तुझ्या दादाचं अक्षर म्हणजे कबुतरानं शाईत पाय बुडवून चालावं तसं. मला अक्षर येत नाही. तू सातवीत असताना मला शिकवायला बसली होतीस, दुसऱ्या दिवशी विसरलीस. उरली तुझी वहिनी. म्हणजे जिच्याबद्दल सांगायचं, तिलाच सांगायचं. तिला बजावलंय, मी बोलेन तेच लिहायचं, पदरचं काही घालायचं नाही. मान हलवली. हसली. हसली हेही लिही.

पुढची ढाबळ माझी, चोवीस खणांची. तुझे वडील हातोडी मारायचे आणि मी सांगायचे, पस्तीस वर्षं झाली. मागची तिची, सहा खणांची. दोन वर्षांपूर्वी लग्न होऊन आली तेव्हा तुझ्या दादानं जुन्या कपाटाच्या फळ्या मारून उभी करून दिली. माझ्या चोवीस खणांसाठी त्यानं जन्मात एक खिळा मारला नाही. तर त्या मागच्या ढाबळीत एकही पिल्लू मेलेलं नाही. एकही! सगळी गुबगुबीत, ढेकर दिल्यासारखी बसलेली असतात.

पोटात दुखतं का माझ्या? दुखतं. लिही, दुखतं.

काल जेवताना तुझा दादा म्हणाला, "आई, या खेपेची पिल्लंही गेली तर पुढची ढाबळ मोडू. उरलेल्या जोड्या हिच्याकडे देऊ."

हिच्याकडे. मी पाणी प्यायले आणि उठले.

४ तारीख, मंगळवार

एक गेलं. तेराव्या खणातलं.

६ तारीख, गुरुवार

तुझा फोन आला. तिच्या फोनवर. पाऊण तास हसणं चाललं होतं, मग मला दिला तेव्हा तू म्हणालीस, "आई, बाकी वहिनीनं सांगितलंच." बाकी काय उरलं होतं माझ्याकडे सांगायला? माझा खोकला?

तिचा तोराही बघ. शिडीवरून मागच्या ढाबळीत शिरते आणि पाखरं तिच्या खांद्यावर येऊन बसतात. माझी माझ्या खांद्यावर बसत नाहीत. माझी शिस्तीत वाढलेली आहेत.

"आई, शिस्त दोनदा लिहू का?" असं विचारतेय. एकदाच लिही.

आता पट्टराणीबद्दल. तू आली होतीस तेव्हा तिच्याकडे बघितलं नाहीस, फोनमध्ये तोंड होतं तुझं. राखाडी मादी, पंखांवर दोन काळे पट्टे, म्हणून पट्टराणी. कबुतराची मादी दूध देते म्हटलं की शहाणी माणसं हसतात. पण देते. नरसुद्धा देतो. गळ्यातल्या थैलीत घट्ट, पांढरं साचतं आणि पिल्लू आईच्या चोचीत चोच खुपसून ते ओढतं. पट्टराणीला ते इतकं येतं की स्वतःची दोन पिल्लं पोसून उरतं. म्हणून कुठल्याही खणातलं पिल्लू मरगळलेलं दिसलं की मी ते तिच्या पोटाखाली सरकवते. दोन दिवस तिच्या चोचीतून प्यालं, अंग धरलं, की परत त्याच्या घरी. सात वर्षं माझी हीच रीत आहे. आताही ही मरणारी पिल्लं मी एकेक करून तिच्याकडेच देते आहे. ती बिचारी कुणाला नाही म्हणत नाही.

सूनबाई आली त्या वर्षी तिनं पट्टराणी मागितली होती. एक पिल्लू अशक्त होतं तिचं. "आई, दोन दिवस पट्टराणीखाली ठेवू?" मी म्हटलं, "तुझी ढाबळ वेगळी, तुझी दाई तू शोध." मग बसली ड्रॉपरनं भरवत, चार-चार तासांनी. पुन्हा कधी मागितली नाही. मानी आहे. मानी लिहू नको, हट्टी लिही.

८ तारीख, शनिवार

सूनबाई दुपारी दाण्याची पोती आणायला गेली होती. मी ढाबळीत होते. कुठल्या ढाबळीत ते लिहायची गरज नाही. काय करत होते तेही नाही. उद्या रविवार, तुझा दादा सुट्टीवर, वर येऊन पिल्लं बघणार आहे, एवढंच लिही.

एका पिल्लाच्या नखाला निळं काही लागलं होतं. दाण्याचा रंग असेल. मी थुंकी लावून पुसलं. हे लिहू नको. लिहिलंस? खोड मग. खोडलंस ना?

मला कसं कळणार खोडलं की नाही.

९ तारीख, रविवार

तुझा दादा शिडी चढला. सातव्या खणापाशी थांबला आणि म्हणाला, "अरे, हे तर चांगलं फुगलंय की, आई!" मी म्हटलं, "मग? माझ्या हातचं आहे." खूश झाला. दुपारी माझ्या ताटात त्यानं स्वतःच्या हातानं वाढलं, जे लग्न झाल्यापासून केलेलं नाही.

स्वयंपाकघरात शेगडीजवळ सूनबाईनं बुटाचं खोकं ठेवलंय, वर फडकं. विचारलं तर म्हणे शिवणाचं सामान आहे. शेगडीजवळ कोण शिवणाचं सामान ठेवतं? बेशिस्त.

१० तारीख, सोमवार

सकाळी सूनबाई माझ्या सातव्या खणासमोर उभी राहिली. मी दाणे टाकत होते.

"आई, यातलं एक पिल्लू मी खाली नेऊ?"

"का?"

"नीट भरवते. इथे राहिलं तर याचंही तसंच होईल."

"माझ्या खणातलं माझ्या खणातच राहील," मी म्हटलं. "हात लावायचा नाही. तुझी नजर आहे त्याच्यावर, मला दिसतंय."

तिनं हात मागे घेतला. मग म्हणाली, डॉक्टरनं फोनवर बजावलंय, कुठलंही पिल्लू इकडचं तिकडे करू नका. डॉक्टरनं बजावलं की हिनं, देव जाणे. हे मी तिच्या तोंडावर म्हटलं आणि आता तिलाच लिहायला सांगते आहे. लिहिते आहे. मान खाली. हिच्या जागी मी असते तर वही फेकून मारली असती.

१३ तारीख, गुरुवार

डॉक्टर आला. लाकडी पेटीतून दुर्बिणीसारखं यंत्र काढलं आणि आपल्या जेवणाच्या टेबलावर ठेवलं. सोबत काचेच्या पट्ट्या आणि कोमट मिठाचं पाणी. सूनबाई एकेक कबूतर आणून धरायची, तो काडीला गुंडाळलेला कापूस पाखराच्या घशात फिरवायचा आणि थेंब काचेवर घेऊन बघायचा. तासभर "हं" आणि "हंहं" याशिवाय बोलला नाही. मग म्हणाला, "आजी, बघायचंय?"

मी डोळा लावला. आधी माझीच पापणी दिसली. मग उजेड. त्या उजेडात, अगं, नुसती धावपळ! शेपट्या असलेले ठिपके, वळवळताहेत, एकमेकांना धक्के मारताहेत. एवढ्याशा थेंबात अख्खा बाजार भरलेला.

"हे जंत?" मी विचारलं.

"जंताहून लहान. परजीवी. दुसऱ्याच्या अंगावर जगणारे."

सूनबाईनं पण बघितलं. म्हणाली, "स्वल्पविरामासारखे दिसतात."

"तो काय असतो?"

"लिहिताना थोडं थांबायचं चिन्ह, आई."

"माझ्या बोलण्यात घालतेस का तू ते?"

"घालावंच लागतं. तुम्ही थांबत नाही."

डॉक्टर हसला. मीही हसले. माझं हसू तिथेच संपलं. कारण मी विचारलं, "हा थेंब कुणाचा?" आणि तो म्हणाला, "त्या पट्टेवालीचा. सगळ्यात जास्त तिच्यात आहेत."

मी म्हटलं, काहीतरी चुकतंय. ती दिवसभर घुमते, पिसं बघा कशी चकाकतात.

"हेच तर," डॉक्टर म्हणाला. "मोठ्या पक्ष्याला काही होत नाही. तो पचवून बसतो. पण जे पिल्लू तिच्या चोचीतून पितं, त्याला आईच्या दुधातूनच हे मिळतं. पाण्याच्या भांड्यातूनही पसरतं. पण एवढं, आणि एवढ्या खणांत..." मग त्यानं विचारलं, "हिच्याखाली दुसऱ्यांची पिल्लं ठेवता का तुम्ही?"

तुझा दादा, माझ्याच दुधावर वाढलेला, पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरत होता.

"आणि मागच्या ढाबळीतली कशी वाचली?" डॉक्टरनं सूनबाईला विचारलं. "तुम्ही हिला तिकडे कधी नेलंच नाहीत?"

"नाही," ती म्हणाली. "आईंनी दिलीच नाही."

तिच्या चेहऱ्यावर एवढंसंही हसू नव्हतं. असतं तर मला भांडता आलं असतं.

डॉक्टरनं दोन्ही ढाबळींसाठी पाण्यातून द्यायचं औषध दिलं. पाच दिवस, सगळ्यांना एकाच वेळी. पट्टराणी वेगळ्या पिंजऱ्यात. त्यानं यंत्र पेटीत ठेवलं आणि गेला. मी टेबल पुसत बसले. ते आधीच स्वच्छ होतं.

१४ तारीख, शुक्रवार

सातव्या खणातलं ते फुगलेलं पिल्लू गेलं. घसा पूर्ण बंद झाला होता. पुढचं उद्या सांगते.

१५ तारीख, शनिवार

आज ही वही लेकीसाठी नाही. आज 'तू' म्हणजे तू, जी लिहिते आहेस ती. खाली मान घाल आणि लिही, माझ्याकडे बघू नको.

मागच्या शनिवारी तू दाणे आणायला गेलीस तेव्हा मी तुझ्या ढाबळीत गेले. दुसऱ्या खणातून तुझं गुबगुबीत पिल्लू उचललं आणि माझ्या सातव्या खणात ठेवलं. माझं मान टाकलेलं होतं ते तुझ्या खणात ठेवलं. दोन्ही एका वयाची, एका रंगाची. तुझ्या नवऱ्यानं रविवारी येऊन म्हणावं की आईचंही एक चांगलं आहे, यासाठी. काल मेलं ते तुझं होतं. तू सोमवारी खाली न्यायला आलीस तेव्हा ते वाचलं असतं. मी हात लावू दिला नाही.

पेन का थांबलं? थांबायचं चिन्ह घालतेस का? लिही.

तुझ्यावर मी जळते. तू आलीस त्या दिवसापासून. माझा मुलगा तुझ्या हातचा चहा फुंकून-फुंकून शेवटच्या थेंबापर्यंत पितो, माझा अर्धा सोडायचा. माझी लेक तुझ्याशी बोलून दमते आणि मग मला फोन देते. पाखरांचं तर सोडच. जळून मी पट्टराणी तुला दिली नाही आणि म्हणून तुझी पिल्लं वाचली. जळून तुझं पिल्लू चोरलं आणि ते मेलं. माझ्या जळण्यानं एकदा तुझं भलं केलं, एकदा वाईट. दोन्ही वेळा मनात वाईटच होतं.

झालं. टिंब दे.

हे पुढचं संध्याकाळी सांगितलेलं आहे.

टिंब दिल्यावर ती उठली. मला वाटलं माहेरी निघाली. ती स्वयंपाकघरात गेली आणि शेगडीजवळचं खोकं घेऊन आली. फडकं काढलं. आत माझं पिल्लू. सातव्या खणातलं, मान टाकलेलं. मान वर होती. मला बघून चोच उघडली त्यानं, आणि आत घसा गुलाबी.

"कधीपासून हे?"

"त्याच शनिवारपासून. पोती खाली ठेवली आणि वर जाऊन बघितलं."

"तुला कसं कळलं?"

"कळलं," ती म्हणाली आणि निळ्या शाईचं पेन टेबलाच्या खणात टाकलं.

"मग आकांत का नाही केलास? मी असते तर गल्ली गोळा केली असती."

"राग आला होता," ती म्हणाली. "अजून आहे. पण याला भूक लागली होती, आई. आधी ते."

तिनं ते आधी ड्रॉपरनं भरवून जगवलं, गुरुवारी डॉक्टरकडून याच्यासाठी वेगळी गोळी मागून घेतली होती, चुरा करून देत होती. मी बोट पुढे केलं तर त्या मूर्खानं ते आईची चोच समजून तोंडात घेतलं. माझ्या डोळ्यांत काहीतरी गेलं. ढाबळीची धूळ असते घरात.

हेही सगळं मी तिलाच सांगून लिहून घेतलंय. 'अजून आहे' खाली तिनं रेघ मारली असावी. हाताची हालचाल तशी दिसली.

१६ तारीख, रविवार

जेवताना तुझ्या दादाला मी स्वतः सांगितलं. सगळं. तो बायकोकडे बघायला लागला, तिनं सांगितलं नाही म्हणून चिडलाही. ती म्हणाली, "ते त्यांनीच सांगायचं होतं."

त्यानं पाण्याचा पेला बाजूला सारला. मग म्हणाला, "मग पुढची ढाबळ मोडायची ना?" मला नाही विचारलं. तिला विचारलं. हे मला लागलं, पण लागावं असंच मी वागले होते.

"औषध पुरं होऊ दे," ती म्हणाली. "डॉक्टर येईल तेव्हा बघू."

२० तारीख, गुरुवार

औषध संपलं. पाच दिवस मी पाण्याची तीस भांडी रोज घासली, उन्हात पालथी घातली, सुकली की मग भरली. डॉक्टर म्हणतो, हे किडे कोरड्यात मरतात. सूनबाई औषध मोजून घालायची, मी ढवळायचे. तिनं एकदाही टोमणा मारला नाही. मी वाट बघत होते. टोमणा मारला असता तर मोकळं वाटलं असतं. एकदा मात्र मी भांडं ओलं भरलं, तर ती म्हणाली, "आई, शिस्त." बास, तेवढ्यानं मला त्या रात्री झोप लागली.

पिल्लांत नवीन पिवळं कुणाच्या घशात नाही. दोन आधीच आजारी होती ती गेली.

२७ तारीख, गुरुवार

डॉक्टर आला, यंत्र मांडलं. तो मागे आला तेव्हा पुढच्या ढाबळीत अकरा पिल्लं होती, आता आठ आहेत. खोक्यातलं धरून नऊ, पण ते आता स्वयंपाकघरात राहतं आणि ओट्यावर घाण करतं. त्यांच्या आईबापांचे घसे तपासले. एकेक थेंब त्यानं बघितला आणि मला दाखवला. रिकामा उजेड. बाजार उठला होता. पट्टराणीच्या थेंबात अजून दोन-चार ठिपके रेंगाळत होते. म्हातारी आहे, तिच्यातून पुरते जातील याची खात्री नाही म्हणाला. यापुढे तिच्याखाली पिल्लू नाही.

तुझ्या दादानं पुन्हा बायकोकडे बघितलं. आज मी तिच्याकडे बघितलं नाही. पायातली चप्पल बघत बसले.

"पुढची ढाबळ मोडायची नाही," ती म्हणाली. "कुठल्या जोडीचं कुणाशी पटेल, कुठलं अंडं भरलेलं आहे, हे आई हातात धरून सांगतात. मला अजून येत नाही. पण एक. या खणातलं पिल्लू त्या खणात जाणार असेल तर आधी या वहीत येईल. लिहिल्याशिवाय काही हलणार नाही."

म्हणजे बघ काय झालं. ढाबळीची किल्ली माझ्याकडे आणि पेन तिच्याकडे. काही हलवायचं तर मला तिच्यापाशी जाऊन उभं राहायचं आणि कारण सांगायचं. तू म्हणशील बरी खोड मोडली. हो, मोडली.

पट्टराणी माझ्या खोलीत खिडकीशी आहे, पिंजऱ्यात. तिची दोन अंडी सूनबाईनं काढून घेतली आणि प्लास्टरची ठेवली. हुबेहूब केलीत. ती त्यांच्यावर बसते, मला जवळ येऊ देत नाही. काल सूनबाई पिंजऱ्याजवळ गेली तर तिला मात्र येऊ दिलं. माझी पट्टराणी! पुन्हा पोटात दुखलं. खोटं कशाला सांगू, थोडंसं दुखतंच आहे. लिही.

आता महिना संपला, वही पाठवते. तू विचारलं होतंस, खायला काय पाठवू. मी तुला दोन वर्षं सांगत आले की तुझ्या वहिनीला गोड चालत नाही, तिचे दात दुखतात, तिच्यासाठी पाठवू नकोस. तिचे दात माझ्यापेक्षा बरे आहेत. गोड मलाच एकटीला हवं होतं. तर खजूर पाठव, तो मऊ, काळा, बिया काढलेला. मोठा डबा. त्यावर तुझ्या वहिनीचं नाव घाल आणि तिच्याच हातात पडेल असा पाठव. मला हवा असला तर मी तिच्याकडे मागेन.